बकरीच्या नावाचा गोटा

चहा आम्ही एकात दोन घेतो. म्हणजे एक फुल चहा, दोन ग्लासांत अर्धा-अर्धा. लग्नाआधी चेतनाला भेटायचो तेव्हा टपरीवर जास्त वेळ बसता यावं म्हणून आम्ही चहावर चहा मागवायचो, आणि घरी जाऊन मला ॲसिडिटी व्हायची. त्यातून ही पद्धत निघाली. प्रेमाच्या मुळाशी ॲसिडिटी असू शकते, यावर कोणी लिहीत नाही.

मी दुर्गेश कापगते. फुलचूरला राहतो, गोंदियात बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवतो. आम्ही जातीनं कोहळी. माझ्या पणज्यांनी तलाव बांधले. मी आयुष्यात बांधलेली एकमेव गोष्ट म्हणजे गाडीच्या टपावरची बॅग, आणि ती आमच्याच जिल्ह्यातलं गोरेगाव यायच्या आधीच सुटली.

चेतना पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्तातल्या पेशी मोजते. आजकाल यंत्र मोजतं, पण यंत्राचा आकडा तिला पटला नाही की ती काच मायक्रोस्कोपखाली घेऊन स्वतः मोजते, आणि चूक यंत्राची निघते. गाडी मात्र तिला येत नाही. फुलचूरच्या मैदानात मी एकदा शिकवायला बसलो होतो. त्या अख्ख्या मैदानात एकच हातपंप होता. तिनं तो बरोबर शोधून काढला.

आम्ही समुद्र पाहायला निघालो होतो. दोघांनीही पाहिला नव्हता. गोंदिया असं गाव आहे की कुठल्याही समुद्राला लांबच पडतं, म्हणून आम्ही पुरी ठरवलं: देवरी, रायपूर, संबलपूर, मग पाणी. जानेवारी होता. बांध्यांमधलं धान केव्हाच निघालं होतं, लाखोळीच्या डाळीचं पीक हिरवं पसरलं होतं, आणि सकाळचं धुकं रस्त्यावरून उठायला तयार नव्हतं.

कोहमाऱ्याला सरळ हायवे लागतो. तो धरला असता तर काही झालं नसतं. पण चेतनाला नवेगाव बांधचा तलाव पाहायचा होता. थंडीत तिथं बाहेरची पाखरं येतात.

"समुद्र पाहायला निघालो आपण," मी म्हटलं. "तू रस्त्यातच पाणी पाहून घेतलं तर तिकडं काय पाहशील?"

ती हसली. माझ्या विनोदांना हसणारी जगात ती एकटीच आहे. वर्गात साठ पोरं माझ्याकडे करंटचा फॉर्म्युला पाहावा तशी पाहतात. माझी तक्रार नाही. एक माणूस पुरतो.

तलावाचा पलीकडचा काठ दिसत नव्हता. डोंग्यातून मासे धरणारा एक जण धुक्यात शिरला आणि बराच वेळ नुसता वल्ह्याचा आवाज येत राहिला. काठावर जागेश्वरची टपरी होती. त्यानं एकात दोन करताना दोन्ही ग्लास उजेडाकडे धरून पातळी पाहिली, एका ग्लासातून थेंबभर चहा दुसऱ्यात टाकला, मग आमच्यापुढे ठेवले.

"कुठी जाऊन राहिले?" त्यानं विचारलं.

"पुरीले. समुद्र पाहायले."

"एवढे दूर? पानी तं इथंबी हाय."

माझाच विनोद. त्यानं तोंड न हलवता केला, त्यामुळे जास्त चांगला झाला.

तिथून मोबाइलनं जंगलातला रस्ता दाखवला. चिचगडवरून देवरी, मग हायवे. साग, ऐन, मोह. पानं ओली आणि रस्ता रिकामा. एका वळणावर नाल्यावरचा रपटा, म्हणजे बुटका पूल होता, रपट्याच्या अलीकडे मोहाचं झाड, आणि झाडाखाली दगडांचा ढीग. छातीएवढा उंच. शेंदूर नाही, झेंडा नाही, बोर्ड नाही. गाडी मी श्रद्धेनं थांबवली नाही. रस्त्याच्या मधोमध एक बकरी उभी होती.

लाकडाची मोळी बाजूला ठेवून एक म्हातारी ढिगावर दगड ठेवत होती. एक ठेवला. दुसरा ठेवला. मी उतरलो.

"काय करून राहिले, आजी?"

"गोटा टाकून राहिली."

"दोन काऊन?"

"एक माहा. एक इचा." तिनं हनुवटीनं बकरी दाखवली.

"बकरीचाबी?"

"ते संगं येत नाई का?"

चेतनानं खिडकीतून नाव विचारलं. धनवंता, म्हातारी म्हणाली, आणि मग मला, "तुमीबी टाका, बाप्पा. जंगलातून जाऊन राहिले, सांगा लागते न, किती जन हाव ते."

"कोणाला?"

हे परीक्षेत येणार का, असं विचारणाऱ्या पोराकडे मी जसा पाहतो तशी ती माझ्याकडे पाहत राहिली.

टाकायला हरकत नव्हती. दगडच मिळत नव्हता. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी आसपासचे सगळे वेचून केव्हाच ढिगावर नेलेले. चाकाजवळ एक सापडला, अंड्याएवढा. दुसऱ्यासाठी रपट्याखाली नाल्यात उतरावं लागलं असतं, आणि माझे बूट नवे होते.

"थांब, मीपण येते," चेतना म्हणाली.

"बस, बस. टाकतो मी. एकात दोन."

मी दगड ढिगावर ठेवला. तो बसला.

"कोनाचा टाकला?" धनवंताबाईनं विचारलं.

"मॅडमचा. मी तिच्यातच आलो."

ती हसली नाही. बकरीही नाही. "बरं," म्हणाली, मोळी डोक्यावर घेतली आणि बकरीच्या मागं चालायला लागली.

चिचगडला पुन्हा चहा घेतला. चेतनानं एकात दोन सांगितलं. चहावाल्यानं एक ग्लास आणला, काठोकाठ भरलेला, आणि तिच्यापुढे ठेवून निघून गेला. आम्ही त्याच ग्लासातून आळीपाळीनं प्यायलो. रोमँटिक होतं. देवरीच्या ढाब्यावर एक ताट आलं. चेतना म्हणाली, दोन सांगितले होते. वाढणारा थबकला.

"अजून कोणी येऊन राहिले का, ताई?"

"मी आलो आहे," मी म्हटलं, "फक्त प्रभाव पडला नाही."

तो हसला नाही. पण माझ्या विनोदावर कोणी हसलं नाही म्हणजे काहीतरी बिघडलं, असं वाटायचं मला कारणच नव्हतं. दुसरं ताट आलं. तेही त्यानं चेतनाच्याच पुढे ठेवलं, पहिल्याला चिकटून.

हद्दीवर पोलीस माझ्या खिडकीशी वाकला. तंबाखूचा वास माझ्या तोंडावर आला. तो माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर होता आणि बोलत होता चेतनाशी.

"मॅडम, कहाँ जा रहे हो? अकेले?"

"अकेली कहाँ? ये हैं ना."

तिनं माझ्याकडे बोट केलं. दुसऱ्याच्या मोबाइलमधला त्याच्या भाच्याचा फोटो आपण पाहतो, तेवढ्या आदरानं त्यानं त्या बोटाच्या दिशेनं पाहिलं. "हाँ, हाँ. आराम से जाना," म्हणाला आणि हात हलवला.

"गाडी आपोआप चालते असं वाटलं काय त्याला?" मी म्हटलं.

चेतना हसली, पण थोडं उशिरा.

रायपूरच्या लॉजवर एक टॉवेल, एक साबण, एक उशी. चेतनानं खाली फोन करून दुसरी उशी मागितली. "मॅम, रूम सिंगल है," पलीकडचा आवाज म्हणाला, सौम्यपणे, आजारी माणसाशी बोलावं तसा. संबलपूरच्या अलीकडे पेट्रोल पंपाच्या बाथरूममध्ये आपोआप चालू होणारा नळ होता. माझ्या हाताखाली तो झाला नाही. मी हात वर केले, खाली केले, जवळ नेले. इन्फ्रारेड सेन्सर आहे, लेन्सवर धूळ असेल. एक ट्रक ड्रायव्हर आला, त्यानं हात धरले, पाणी आलं. माझा हात कोरडा असेल. थंडी आहे. प्रत्येक गोष्टीचं उत्तर निघत होतं. फक्त उत्तरं फार झाली होती.

समुद्र मोठा आहे. यापेक्षा जास्त मला त्याच्याबद्दल सांगता येणार नाही, कारण मी त्याच्याकडे फारसं पाहिलं नाही. किनाऱ्यावरच्या फोटोवाल्यानं आम्हा दोघांचा फोटो काढला. फोटोत चेतना मधोमध होती, आणि कडेला माझा अर्धा खांदा. मी दिसलोच नाही असं नाही. फक्त मी फोटोत आहे, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

संध्याकाळी चेतना घोट्याएवढ्या पाण्यात उभी होती. मी वाळूवरून हाक मारली. लाटांचा आवाज होता, ऐकू गेलं नसेल. पुन्हा मारली. मग जवळ जाऊन मारली. ती वळली आणि तिनं ओढणी सावरली. अनोळखी माणूस आपलं नाव घेऊन बोलवायला लागला की बाई मागे सरकते, तशी ती एक पाऊल मागे सरकली.

मग म्हणाली, "अरे. तू."

त्या रात्री खोलीत मी आईला फोन लावला. "हॅलो? हॅलो?" करून तिनं ठेवून दिला. चेतनानं तिच्या फोनवरून लावला आणि स्पीकर चालू केला.

"पाहिला का समुद्र, बेटा?" आई म्हणाली. "एवढी दूर एकटी गेली तू, मला तं झोपच नाही येऊन राहिली."

"आई, दुर्गेश आहे ना सोबत."

फोनमधून बराच वेळ फक्त आमच्या फुलचूरच्या घरातल्या पंख्याचा आवाज आला. थंडीतही आई पंखा लावते, डासांसाठी.

"कोण?" आई म्हणाली.

चेतनानं फोन ठेवला. ती पलंगाच्या कडेवर बसली. आधी रडली, मग डोळे पुसले, आणि लॅबमध्ये यंत्राचा आकडा पटला नाही की करते तो चेहरा केला.

"नवेगावला दोन ग्लास आले," ती म्हणाली. "चिचगडला एक. मधात काय झालं?"

"काही नाही. बकरी आडवी आली."

"गोटा. तू एकच टाकला."

"हो."

"दुसरा काऊन नाही टाकला?"

"बूट नवे होते."

ती माझ्या बुटांकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे. मला का कोण जाणे, माझी मोजणी चालली आहे असं वाटलं. शेवटी तिनं माझा हात धरला.

"मी दोन म्हणत राहीन," ती म्हणाली. "कोणी काहीबी म्हणू दे. तू फक्त बोलत राहा. बोलत राहिला की राहते माझ्या लक्षात."

पुरीहून निघताना लॉजच्या कुंडीतला एक दगड मी खिशात घातला. पांढरा, गोल, गुळगुळीत. नाल्यात उतरायची वेळ यायला नको म्हणून. बुटांवरून मी धडा घेतला होता, पण फक्त बुटांपुरता.

परतीचा रस्ता मला चेतनाच्या आवाजात आठवतो. दोन चहा. दोन ताट. पाण्याच्या दोन बाटल्या. विकणारे दोन्ही वस्तू तिच्यापुढे ठेवायचे आणि ती एक माझ्याकडे सरकवायची. लोक पाहायचे. ती त्यांच्याकडे पाहून मोठ्यानं म्हणायची, "घे, दुर्गेश." रायपूरच्या पुढे एका ठिकाणी मी लघवीला उतरलो आणि आलो तर माझ्या सीटवर तिची पर्स, स्वेटर आणि अर्धी खाल्लेली चिवड्याची पिशवी होती. सगळं नीट मांडून ठेवलेलं. मी दार उघडून उभा राहिलो.

"इथं मी बसतो," मी म्हटलं.

"हो न," ती म्हणाली, आणि सगळं सामान उचलून मांडीवर घेतलं.

मी बोलत होतो. मला येत होते ते सगळे विनोद मी केले. राजनांदगावपर्यंत चांगले पुरले. मग वाईट. मग फिजिक्सचे. ती प्रत्येकाला हसत होती. पुढे पुढे विनोद संपायच्या आधीच हसायला लागली. देवरीला तिनं "दोन चहा" सांगितलं, दोन आले, तिनं एक उचलला आणि दुसऱ्याकडे पाहत राहिली.

"दोन काऊन सांगितले मी?" तिनं विचारलं. कोणाला, ते कळलं नाही.

"माझा आहे," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. "हो, हो, हो." आणि ग्लास इतक्या जोरात सरकवला की चहा सांडला.

चिचगडच्या फाट्यानंतर मी तिला हातपंपाची गोष्ट सांगत होतो. ती खिडकीबाहेर पाहत होती. मी गोष्टीच्या मध्यावर असताना तिनं हात पुढे करून रेडिओ लावला. खरखर येत होती, म्हणून आवाज वाढवला. मी ओरडून गोष्ट पुरी केली.

दुपार होती. धुकं नव्हतं. वळण, रपटा, मोहाचं झाड, ढीग. धनवंताबाई मोळीला टेकून उभी होती, आता नवेगावकडे तोंड करून. बकरी रस्त्याच्या मधोमध. मी गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि पळतच उतरलो.

खिशातला पांढरा दगड मी ढिगावर ठेवला.

तो घरंगळला.

पुन्हा ठेवला, थोडा आत. पुन्हा घरंगळला. गोल वस्तू उतारावर का थांबत नाही, हे मी दरवर्षी फळ्यावर काढून दाखवतो. तिसऱ्यांदा मी दोन दगडांच्या मधली खाच शोधली, त्यात तो दाबून बसवला आणि हात काढला. तो राहिला. मी श्वास सोडला. तेवढ्यात तो टप्प्याटप्प्यानं, अजिबात घाई न करता, खाली आला आणि धनवंताबाईच्या पायाशी थांबला.

ती वाकली. दगड उचलून तिनं पदराला पुसला.

"कसा पांढरा हाय," ती म्हणाली. "इचा टाकते."

"आजी, तो माझा—"

तिनं तो बकरीच्या नावानं ढिगाच्या माथ्यावर ठेवला. तो बसला. हललासुद्धा नाही.

बकरी माझ्याकडे पाहत होती. थोडी लाजल्यासारखी, असं मी म्हणणार होतो, पण बकऱ्या लाजत नाहीत.

मी नाल्याकडे पळालो. रपट्याखाली चिखल होता, नवे बूट घोट्यापर्यंत रुतले. पाण्यात हात घालून चाचपायला लागलो. वरून आवाज येत होते. गाडीचं दार. चेतना उतरली होती.

"एकटीच का वो, बाई?" धनवंताबाई विचारत होती.

मी थांबलो. हात पाण्यात, तसाच.

वर रेडिओ बंद झाला होता. झाडावरून एक पान पडून नाल्यात आलं आणि माझ्या मनगटाला अडकून राहिलं.

"हो, आजी," चेतना म्हणाली. आपल्यालाही हे आत्ताच कळलं, अशा आवाजात. "एकटीच."

"इतकी दूर?"

"समुद्र पाहायला गेली होती."

"बाप्पा."

"चला, सोडते तुम्हाला. बकरीलाबी घ्या."

दगड सापडला. चपटा, जड, दोन हातांत धरावा लागेल असा. मी काठ चढायला लागलो. दारं लागत होती. एक. दोन. मग एक आवाज आला जो मला लगेच ओळखता आला, कारण तो मी दोन वर्षांत ऐकला नव्हता. ड्रायव्हरची सीट रुळावरून पुढे सरकली. माझ्या पायांच्या लांबीवर ती गंजून बसलेली होती.

गाडी सुरू झाली.

वर आलो तेव्हा एका बाजूला ढीग होता आणि दुसऱ्या बाजूला गाडी हलायला लागली होती. ढिगापर्यंत जाऊन दगड नीट बसवायला वेळ लागला असता. मी उभ्या जागेवरून तो फेकला. दगडावर दगड आपटल्याचा आवाज आला. राहिला की घरंगळला, ते पाहायला थांबलो नाही. पळत जाऊन मागचं दार उघडलं, आत पडलो, दार ओढलं.

पुढे चेतना आणि धनवंताबाई. मागे मी आणि बकरी. पुढच्यांपैकी कोणी वळून पाहिलं नाही.

चेतना सुरेख गाडी चालवत होती. गिअर अलगद पडत होते. खड्डा आला की आधीच वेग कमी होत होता. जंगलात, जिथं मागे-पुढे एकही गाडी नव्हती, तिथंही वळायच्या आधी ती इंडिकेटर देत होती.

"हातपंप दिसला की सांग," मी म्हटलं.

कोणी हसलं नाही. माझ्या चिखलाच्या बुटांचे डाग खालच्या पायपुसणीवर पडले होते. बकरीनं वाकून ते हुंगले.

तलाव आला. ऊन पाण्यावर तिरपं पडलं होतं आणि आता पलीकडचा काठ दिसत होता. पलीकडे काहीच नव्हतं, झाडं आणि डोंगर. चेतनानं टपरीपाशी गाडी लावली. दोन्ही बायका उतरल्या. मी काच खाली करून बसलो होतो. उतरायचा धीर होत नव्हता.

"किती?" जागेश्वरनं विचारलं.

चेतनानं थोडा विचार केला.

"एकात दोन," ती म्हणाली.

मी इतक्या घाईनं उतरलो की दाराच्या चौकटीवर डोकं आपटलं. दगड बसला होता. लांबून, न बघता, एका फेकीत. मी बाकावर तिच्या शेजारी जाऊन बसलो. हात चिखलाचे होते, ते पँटला पुसले. काय म्हणावं ते सुचत नव्हतं, आणि असं माझं कधी होत नाही.

जागेश्वरनं दोन्ही ग्लास उजेडाकडे धरले. पातळी पाहिली. एकातला थेंबभर दुसऱ्यात टाकला. दोन्ही आणून बाकावर ठेवले. चेतनानं एक उचलला. दुसरा तिनं बोटांनी माझ्या बाजूला सरकवला.

मी हात पुढे केला.

"घ्या न, आजी," चेतना म्हणाली.

धनवंताबाईनं माझ्यापुढून हात घालून ग्लास उचलला. "अन् बिस्कूट दे गा एक," ती जागेश्वरला म्हणाली, "बकरीले."

जागेश्वरनं बिस्किट दिलं. कोणाला किती दिलं हे त्याला बरोबर ठाऊक होतं. सगळ्यांना मिळालं होतं.

"पाहिला का मंग समुद्र?" त्यानं चेतनाला विचारलं.

"पाहिला."

"कसा हाय?"

"मोठा आहे." ती चहात पाहत होती. "एकट्यानं पाहायची गोष्ट नाही."

"तुमी तं एकट्याच गेल्त्या न, इथून? मले याद हाय."

"हो." ती ग्लास हातात फिरवत राहिली. "हे एकात दोन मला कुठून लागलं, काय माहीत. एकटीच असते, तरी तोंडात तेच येते."

"ॲसिडिटीतून," मी म्हटलं.

तिच्या ओठाचा कोपरा हलला. मी श्वास धरून थांबलो. मग तिनं फुंकर घातली आणि चहाचा घोट घेतला. चहा गरम होता, एवढंच.

त्या दोघी गाडीकडे निघाल्या. धनवंताबाईचं घर पुढच्या टोलीवर, म्हणजे छोट्या वस्तीत होतं. ती पुढे बसली. चेतनानं मागचं दार उघडलं आणि बकरी स्वतःच चढली, तोंडाला बिस्किटाचा चुरा. चेतना दार धरून तशीच उभी राहिली. तलावाकडे पाहत, घरातून निघताना काहीतरी राहिलं असं वाटून माणूस उंबऱ्यावर थांबतो तशी. मी तिच्या समोर उभा होतो. तिच्या कपाळावर, केसांच्या खाली, पुरीच्या वाळूचा एक कण अजून चिकटलेला होता.

"चला न वो," धनवंताबाई आतून म्हणाली. "कोनाची वाट पाहून राहिल्या?"

"कोणाची नाही," चेतना म्हणाली.

आत बकरीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग उठली आणि पलीकडच्या खिडकीला चिकटून बसली. सीटवर एका माणसापुरती जागा झाली.